ऑर्विलच्या हातची काडतुसं

आमच्या नेमबाजी क्लबच्या पाटीवर नियम रंगवलेले आहेत. कानांवर झाकणं हवीत, डोळ्यांवर चष्मा हवा, हुकूम मिळेपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही, आणि कुणाचीही बंदूक भरलेली असताना रेषेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. हे मोडणाऱ्याला मी सरळ घरी पाठवते, मग तो शेरीफ का असेना. पण सगळ्यात जुना नियम पाटीवर नाहीच, कारण तो लिहावा असं कुणाला कधी वाटलं नाही. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. सख्ख्या भावाचंही नाही. आमच्याकडची माणसं शेजाऱ्याला ट्रॅक्टर देतील, बायकोशी भांडून आला तर झोपायला खोली देतील, पण काडतूस कुणी देत नाही. कुणी मागितलंच, तर समोरचा खाकरतो आणि मक्याला पाऊस हवा होता असं काहीतरी बोलायला लागतो.

याला अपवाद एकच होता, ऑर्विल ड्रेसबाक.

मी मर्ना शुप. निम्मा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांवर ओरडण्यात गेला आणि उरलेला या क्लबवर रेंज ऑफिसर म्हणून मोठ्यांवर ओरडण्यात. ऑर्विलवर मात्र कधी आवाज चढवायची वेळ आली नव्हती. तो आमच्या गावच्या धान्याच्या कोठारावर काट्याशी बसायचा. निम्म्या तालुक्याचा मका आणि सोयाबीन त्याच्या नजरेखालून तोलला गेला. शेतकरी जात मुळात संशयी, पण ऑर्विल काट्याशी असला की कुणी गाडीतून उतरून आकडा बघायला जात नसे. बोलायला तो दगड. त्याच्या वाटचं सगळं लुएला बोलायची, त्याची बायको, आणि भरपूर बोलायची.

त्याचं रिव्हॉल्व्हर जुनं होतं, लांब आणि जड नळीचं, केवळ कागदावर नेम मारण्यासाठी घडवलेलं. दुकानातली काडतुसं त्यातून पंचवीस यार्डांवर बरी जायची आणि पन्नासवर फाकायची. दुसऱ्या कुणीही ते विकून टाकलं असतं. ऑर्विलचं म्हणणं असं की बंदुकीचा दोष नाही, तिला काय आवडतं ते आपल्याला कळलेलं नाही. ते कळून घेण्यात त्याचे किती हिवाळे गेले, कोण जाणे.

गोळ्या तो स्वतःच ओतायचा. शिसं टायरच्या दुकानातून आणायचा, चाकांना लावतात त्या वजनांचं. त्यात घालायला कथील हवं असतं, म्हणजे गोळी साच्यात नीट बसते. आमच्या लुथेरन चर्चने जुना ऑर्गन मोडीत काढला तेव्हा त्याच्या कथलाच्या नळ्या ऑर्विलने मागून घेतल्या. पाद्रीबाबांना वाटलं, आठवण म्हणून नेतोय बिचारा. तेव्हा आमच्या चर्चचा अर्धा ऑर्गन शेवटी क्लबच्या मातीच्या बांधात जाऊन बसलाय. शिशाच्या वासाने लुएलाचं डोकं उठायचं. तिने त्याला स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये हाकललं आणि गॅरेजच्या दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या.

मारून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तो बुडावरच्या छापाप्रमाणे वेगळ्या करायचा. मग दारू अगदी कणभर वाढवायची, तेवढ्याच दारूची पाच काडतुसं भरायची, मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून पन्नास यार्डांवर मारायची, भोकं बघायची, आणि पुन्हा गॅरेज. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा हट्ट. दारू बदलली तर गोळी तीच. गोळी किती खोल बसवायची ते बदललं तर दारू तीच. मी एकदा चिडून म्हटलं की अशाने हे काम तुला मरेपर्यंत पुरेल. तो म्हणाला, "पुरू दे की."

रिव्हॉल्व्हरच्या चक्रीला घरं सहा. त्यातलं एक खोडकर आहे, कागदावरची लांब गेलेली भोकं सगळी त्याचीच, हे त्याने शोधून काढलं. आमच्या स्पर्धेत एका पाळीला पाचच गोळ्या मारायच्या असतात. तेव्हा त्याने त्या घरावर बारीक ओरखडा काढला आणि त्याला कायमची सुट्टी दिली. मला हे इतकं आवडलं होतं की मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते. ज्या दिवशी पाचही भोकं कॉफीच्या कपाच्या तळाखाली झाकली गेली, त्या दिवशी लुएलाने तो कागद फ्रिजच्या दारावर लावला, नातवंडांच्या चित्रांच्या वर.

आता मुद्द्याची गोष्ट. नेमबाजीच्या या काडतुसात दारू अगदी थोडी असते, मोठ्या पातेल्यात मूठभर तांदूळ टाकावेत तशी. त्यामुळे चुकून तीच दारू दुसऱ्यांदा पडली तरी पुंगळी ओसंडत नाही. वर गोळी निमूटपणे बसते आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. कळतं ते हातात फुटल्यावर. म्हणून ऑर्विल लाकडी ठोकळ्याच्या भोकांत पुंगळ्या उभ्या करायचा, सगळ्यांत दारू घालायचा, आणि एकही गोळी बसवण्याआधी छोट्या टॉर्चने प्रत्येक पुंगळीच्या पोटात बघायचा. मध्येच फोन वाजला, कुणी दार ठोठावलं, तर भरलेल्या सगळ्या पुंगळ्या उपड्या करून पहिल्यापासून सुरुवात. लुएला म्हणायची, घराला आग लागली तरी हा आधी पुंगळ्या उपड्या करील.

स्टॅन पाव्हलिकला त्याने पहिल्यांदा काडतुसं दिली ती पेरीच्या मैदानावर. दर उन्हाळ्यात आमच्याकडचे सगळे तिकडे सरोवराकाठच्या मोठ्या स्पर्धांना जातात. स्टॅन डुकरं पाळायचा, तोंडाने जगजेत्ता, आणि त्याने भरलेली काडतुसं म्हणजे गारांचा पाऊस, कुठे पडतील नेम नाही. त्या वर्षी तो आपली पेटीच घरी विसरून आला. ऑर्विलने आपला एक डबा त्याच्यासमोर सरकवला. स्टॅनने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा ऑर्विलकडे, आणि चक्री भरली. आजूबाजूची माणसं बघत राहिली. त्या दिवशी स्टॅनने आयुष्यातले सगळ्यात जास्त गुण काढले, आणि त्यानंतर दरवर्षी पेरीच्या आधी ऑर्विलच्या हातचा एक डबा त्याला ठरलेला. मागितली पुढे बऱ्याच जणांनी, मिळाली फक्त स्टॅनला. ऑर्विलला पदकांचं फारसं काही नव्हतं. पण स्टॅन आपली काडतुसं डोळे झाकून बंदुकीत घालतो, याचा त्याला किती अभिमान होता ते त्याच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून कळायचं.

लुएला गेली मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात. त्यानंतर ऑर्विल आणखीच गप्प झाला, पण ते कुणालाही होईल असं आम्ही धरून चाललो. मग या वसंतात एका पाळीनंतर मी त्याच्या कागदावरची भोकं मोजली तर सहा. पाच घट्ट आणि एक लांब. त्याने त्या सुट्टीवरच्या घरातही काडतूस घातलं होतं. मी हसले. म्हटलं, "काय रे म्हाताऱ्या, नोकर परत कामावर घेतलास वाटतं?" बाकीचेही हसले. ऑर्विल हसला नाही. कागदाशी उभा राहून त्या लांबच्या भोकाला बोट लावून बघत राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं कळलंही होतं, पण आमच्याकडे असलं काही कळलं तरी माणूस कॉफी ओततो आणि गप्प बसतो.

मग जूनमधला तो शनिवार आला. पेरी तोंडावर आली होती, सगळे सरावाला जमले होते. मी हुकूम दिला आणि गोळ्या सुटायला लागल्या. इतकी वर्षं ऐकून मला प्रत्येकाच्या बंदुकीचा आवाज पाठ आहे. ऑर्विलची गोळी म्हणजे कुणीतरी दार हलकेच लोटावं तशी. त्या दिवशी त्याची तिसरी गोळी दार आपटल्यासारखी वाजली आणि रिव्हॉल्व्हर त्याच्या कपाळापर्यंत उडालं.

मी सगळ्यांना थांबवलं. ऑर्विल हात तसाच वर धरून उभा होता. बोटं शाबूत होती, डोळे शाबूत होते. चक्री मात्र बाहेर येईना. दांडा घालून ठोकून ठोकून पुंगळी काढावी लागली. पितळ फुगलं होतं आणि बुडाचा प्रायमर, ठिणगी पाडणारी टिकली, चपटा झाला होता. हे कशाने होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणीतरी म्हणालं, पितळ जुनं असेल. दुसरा म्हणाला, हो, जुनं पितळ दगा देतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या टेबलाकडे गेले. त्या सगळ्यांचा मला इतका राग आला, आणि मीही त्यांच्यातलीच.

ऑर्विलला बाजूला नेऊन विचारलं, "टॉर्च मारून बघितलं होतंस ना?"

"बघतोच की," तो म्हणाला. मग म्हणाला, "बघितलं असेल."

'असेल.' आयुष्यात त्या माणसाच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता. मी विचारलं, यातलीच काडतुसं आणखी कुणाकडे आहेत. तो ठामपणे म्हणाला, कुणाकडे नाहीत, सगळी माझ्याच घरी.

"स्टॅनला दिलीस ना?"

"या वर्षी नाही दिली अजून."

"ऑर्विल, मागच्या शनिवारी दिलीस. इथेच आत, माझ्यासमोर. त्याने डब्याचा मुका घेतला आणि तू चेरीची पाई खात होतास."

तो माझ्याकडे बघत राहिला, मी थट्टा करतेय का ते शोधत. मग बाकावर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. चेहरा पांढरा पडला होता. मला त्याला धरून बसावंसं वाटत होतं, पण वेळ नव्हता, कारण स्टॅन त्या दिवशी आला नव्हता. त्याचा गुडघा सुजला होता, आणि सकाळीच त्याने मला फोनवर सांगितलं होतं की घरामागे मारत बसतो, पेरीला तुम्हा सगळ्यांना रडवतो. मी आत जाऊन फोन लावला. वाजत राहिला. बायको बहिणीकडे गेलेली, आणि स्टॅन मागे कानांवर झाकणं चढवून बसलेला असणार. मी ऑर्विलला दंडाला धरून उठवलं आणि माझ्या पिकअपमध्ये बसवलं.

वाटेत गाडी मी पळवली. ऑर्विल खिडकीतून कोवळ्या मक्याकडे बघत होता. गिरणीचं वळण घेतलं तेव्हा त्याने विचारलं, "कुठे चाललोय आपण?" मी सांगितलं. "हां, हां," तो म्हणाला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसला. मग म्हणाला, "जेनिसला सांगू नकोस." जेनिस त्याची मुलगी, कोलंबसला असते. लुएला गेल्यापासून ती त्याला आपल्याकडे नेऊ बघत होती. मी म्हटलं, आधी स्टॅनचे हात जागेवर आहेत का बघू, मग जेनिसचं बघू. फार कठोर बोलले. भीती वाटली की मी अशीच बोलते.

स्टॅनच्या फाटकाशी पोचतो न पोचतो तोच गोळीचा आवाज आला. हलका, दार लोटल्यासारखा. मग दुसरा. प्रत्येक आवाज साधा निघाला की जीव भांड्यात पडायचा आणि लगेच पुढच्याच्या भीतीने वर यायचा. मी हॉर्न दाबून धरला आणि गाडी थेट गवतावरून गोठ्याच्या मागे घातली. स्टॅनने वळून बघितलं, कानांवरची झाकणं खाली ओढली आणि मला शिव्या घातल्या. गवत त्याच्या बायकोचं होतं.

मग ऑर्विलला बघून एकदम खुलला. लंगडत गेला आणि कागद काढून घेऊन आला. "हे बघ. बघ हे. एका भोकात पाच म्हणावीत अशी आहेत. आजवरचा सगळ्यात झकास लॉट आहे तुझा, ड्रेसबाक. यंदा पेरीला मी ढोल वाजवत जाणार."

ऑर्विल म्हणाला, "उरलेली परत दे."

स्टॅनला आधी थट्टा वाटली. मग मी क्लबवर झालेलं सांगितलं, सगळं, फुगलेल्या पुंगळीसकट. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू हट्टी होत चालला होता. मला ठाऊक आहे तो चेहरा, डुक्कर फाटकात अडून बसतं तेव्हा त्याचाही तसाच होतो. म्हणाला, जुनं पितळ. मी म्हटलं, जुनं पितळ नाही. तो म्हणाला, मग एखादी सुटली असेल नजरेतून, एकदा प्रत्येकाची सुटते, म्हणून काय अख्खा डबा परत करायचा? इतकी वर्षं ज्याची काडतुसं मारली त्याच्या तोंडावर डबा फेकायचा?

"फेकू नकोस. दे," ऑर्विल म्हणाला.

"नाही देत जा." स्टॅनचा आवाज चिरका झाला होता. "तुझी काडतुसं मी मारणार. तुझ्यासमोर मारणार. मग बघू कोण काय बोलतं." आणि त्याने खरंच डब्यातून पाच काडतुसं काढली, एक एक चक्रीत घातली आणि चक्री बंद केली. हे सगळं त्याने प्रेमाने केलं. आमच्याकडच्या पुरुषांना प्रेम असंच करता येतं, म्हणून तर मी एकटी राहते.

मी ओरडले. मी ओरडले की माणसं थांबतात, पण स्टॅनने झाकणं कानांवर चढवली होती. त्याने हात लांब केला.

आणि ऑर्विल चालायला लागला. टेबलाला वळसा घालून, रेषेच्या पुढे, सरळ मातीच्या बांधाकडे. ज्या माणसाने कधी भरल्या बंदुकीपुढे बोटसुद्धा नेलं नव्हतं, तो सावकाश चालत जाऊन कागदासमोर उभा राहिला आणि आमच्याकडे वळला. टोपी गाडीतच राहिली होती. डोक्यावरचे चार केस वाऱ्याने उडत होते. स्टॅनने नळी जमिनीकडे केली, मग चक्री उघडली, आणि काडतुसं गवतात सांडली.

"झाली रिकामी?" ऑर्विलने तिथूनच विचारलं.

"झाली," स्टॅन म्हणाला. "तुला वेड लागलंय का?"

"लागतंय," ऑर्विल म्हणाला. "तेच सांगतोय. माझं डोकं जागेवर राहत नाही, स्टॅन. गॅरेजमध्ये उभा असतो आणि आत कशाला आलो ते कळत नाही. हा डबा तुला दिल्याचं मला आठवत नाही. मर्ना सांगते म्हणून खरं. टॉर्च मारला की नाही, तेही आठवत नाही. म्हणून परत दे."

इतकी वाक्यं एका दमात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. स्टॅन गवतात बसून एक एक काडतूस वेचायला लागला, सुजलेला गुडघा दुमडून. मीही बसले. पाचवं बराच वेळ सापडेना, ते माझ्या बुटाखाली निघालं.

तिघं स्टॅनच्या गॅरेजमध्ये गेलो. स्टॅन म्हणाला, वजन करून बघू, ज्यात दारू दुप्पट असेल ते जड भरेल. ऑर्विलने मान हलवली. दोन पुंगळ्यांच्या वजनातच दारूपेक्षा जास्त फरक असतो, ओतलेल्या गोळ्यांतही असतो. काट्याला त्यातून काही दिसणार नाही. प्रत्येक काडतूस उघडून बघण्यावाचून मार्ग नाही. त्यासाठी पोकळ हातोडा असतो. काडतूस त्यात अडकवायचं, लाकडावर दणके द्यायचे, मग गोळी आणि दारू आत सुटून पडते. स्टॅन दणके द्यायला लागला. गोळी बाजूला, पुंगळी बाजूला, दारू काट्याच्या पितळी तबकडीत. ऑर्विल तबकडी बघायचा, मान हलवायचा, दारू कॉफीच्या रिकाम्या डब्यात ओतायचा. मी कॉफी केली. कुणी प्यायली नाही.

एकामागून एक उघडत होतो आणि सगळी बरोबर निघत होती. तीच दारू, तीच खोली, जणू एकाच काडतुसाचे छाप. तो तसाच काम करायचा. इतकी सुंदर काडतुसं मोडताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. डबा संपत आला तसा स्टॅन पुन्हा बोलायला लागला होता. "बघ, म्हटलं नव्हतं? एखादीच होती, ती तूच मारलीस." ऑर्विल थकला होता. खांदे पडले होते, आणि अधूनमधून हात थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा.

मग स्टॅनने एक उघडलं आणि तबकडीत ढीग पडला, बाकीच्यांच्या दुप्पट. त्याने पटकन तबकडीवर पंजा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्याला काय करायचं होतं ते मला कळलं. ती दारू डब्यात ओतायची, 'बरोबर आहे' म्हणायचं, आणि हे इथेच पुरून टाकायचं. मी हो म्हणाले असते. खरंच म्हणाले असते.

ऑर्विलने त्याचा पंजा बाजूला केला. तबकडी उजेडात धरली. मग पुंगळी उचलून आत बघितलं, जिभेने ओठ ओला केला.

"दुप्पट पडलीये," तो म्हणाला.

"हो," स्टॅन म्हणाला.

"कुणाची काडतुसं आहेत ही?"

मला वाटलं रागाने विचारतोय, स्वतःवरच्या. म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे राग नव्हता, शरम नव्हती. काट्याशी बसून गाडीवाल्याला विचारावं, माल कुणाचा, तसं तो विचारत होता. बांधापाशी जे बोलला होता ते सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं होतं.

स्टॅनने हातोडा खाली ठेवला.

"माझी," तो म्हणाला.

ऑर्विलने एक मोठा श्वास घेतला आणि तबकडी टेबलावर ठेवली. "तुला किती वेळा सांगितलं, स्टॅन. ठोकळ्यात उभ्या करायच्या, गोळी बसवायच्या आधी टॉर्च मारायचा. एकेका पुंगळीत. कंटाळा करायचा नाही. ही हातात फुटली असती तर बोटं राहिली नसती तुझी."

"खरंय."

"लक्ष कुठे असतं तुझं?"

"नव्हतं," स्टॅन म्हणाला. "चुकलं माझं." त्याचा आवाज अगदी साधा होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते ऑर्विलला दिसत होतं, म्हणून ऑर्विल जरा नरमला. त्याने पुढे होऊन स्टॅनच्या खांद्यावर हात ठेवला, अवघडून, सवय नसल्यासारखा.

"लाजू नकोस," तो म्हणाला. "होतं वय झालं की. पण आता आपली काडतुसं कुणाला देत जाऊ नकोस हां. विश्वासाने कुणीतरी मारील."

"नाही देणार, ऑर्विल."